खिडक्या उघडा, फोन उचला: साथीच्या काळात ख्रिस्ती मंडळीने काय करावं

ताई, सलाम.

तुमच्या पत्रातले मुद्दे इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही तालुक्याच्या गावातल्या एका मंडळीच्या सचिव आहात. कोविडच्या दोन वर्षांत मंडळीत जे वाद पेटले ते अजून विझलेले नाहीत, आणि यंदा गावात तापखोकल्याचे पेशंट वाढल्याबरोबर ते पुन्हा वर आले. मंडळीचे एक वडील, म्हणजे एल्डर, म्हणतात, मास्क लावून उपासनेला बसणं म्हणजे स्तोत्र ९१ वर, देव मरीपासून राखील या वचनावर, विश्वास नसणं. तुमच्या आईला मधुमेह आहे, वय सत्तरीच्या पुढे आहे, आणि तिला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, चुकवायचं नाही. शिवाय २०२१ मध्ये मंडळीतल्या एका घराला आपल्या माणसाला नीट माती देता आली नाही, ते दुःख अजून तसंच आहे. पुन्हा मोठी साथ आली तर शरीर कसं जपायचं आणि विश्वास कसा टिकवायचा, असं तुम्ही विचारता.

मी मिशन हॉस्पिटलात आयुष्य काढलेला फिजिशियन आहे आणि मंडळीच्या पंचकमिटीतही बरीच वर्षं बसलो आहे. दोन्हीकडे पाहून माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि पुढचं सगळं उत्तर त्याच्याच आधाराने आहे: साथीत काय थांबवायचं हे तो आजार कसा पसरतो ते पाहून ठरवावं, आणि काय थांबवायचं नाही हे प्रभूची आज्ञा पाहून ठरवावं. २०२० मध्ये आपल्या पुष्कळ मंडळ्यांत याच्या उलट झालं. बाकांवर औषध फवारलं, दारात सॅनिटायझर ठेवला, आणि आत खिडक्या बंद करून तास-दीड तास गाणी म्हटली. एकटी राहणारी म्हातारी माणसं, विधवा, आजारी यांच्याकडे जाणं मात्र पूर्ण थांबलं. हवेची काळजी घ्यायला हवी होती तिथे ती घेतली नाही, आणि माणसांची सोडायला नको होती तिथे ती सोडली.

आधी मंडळीच्या त्या वडिलांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेऊ नका. स्तोत्र ९१ हे आपल्या घराघरांत पाठ असलेलं स्तोत्र आहे. लहान मुलं ते निजताना म्हणतात, ऑपरेशनला जाणारा माणूस स्ट्रेचरवर म्हणतो. ज्या माणसाने आयुष्यात एकदा तरी मरणाच्या दारातून परत येताना हे स्तोत्र म्हटलं आहे, त्याला ‘मास्क लावा’ हे वाक्य त्या अनुभवावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. म्हणून हा वाद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घालू नका. पाळकांना बरोबर घेऊन त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि मत्तयाचा चौथा अध्याय एकत्र वाचा. सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन ‘खाली उडी टाक’ म्हणतो, तेव्हा तो आधार कशाचा देतो? याच स्तोत्राचा. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे वचन. येशू ते वचन खोटं म्हणत नाही. परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नको असंही लिहिलेलं आहे, एवढंच तो सांगतो. स्तोत्र ९१ संकटात सापडलेल्या माणसाला धीर देण्यासाठी आहे. उडी मारायला ते कुणालाच सांगत नाही.

आजारी पडणं म्हणजे विश्वास कमी असणं, हा समजही शास्त्राला धरून नाही. पौलाच्या प्रार्थनेने आजारी बरे झाल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, आणि तोच पौल तीमथ्याला कळवतो की सोबती त्रफिमाला मी मिलेतात आजारी असा ठेवून आलो. पौलाचा सहकारी एपफ्रदीत तर सेवा करता करता मरणाच्या दारी पोचला होता, आणि पौल त्याच्याबद्दल दोषाचा शब्द काढत नाही. उलट अशांचा मान राखा म्हणतो. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने ती ऐकली, आणि यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराची ढेप बांधायला सांगितली. प्रार्थना आणि लेप एकाच गोष्टीत आहेत. पौलाच्या जवळच्या सोबत्यांमध्ये लूक हा वैद्य होता, हे तर मंडळीच्या त्या वडिलांनाही ठाऊक असेल.

याबाबतीत आपल्या आधीच्या लोकांनी काय केलं तेही त्यांना सांगा. १५२७ च्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये प्लेग शिरला. विद्यापीठ गावाबाहेर हलवलं गेलं, पण धर्मसुधारक मार्टिन लूथर तिथेच राहिला. बायको गरोदर होती आणि घराचंच रुग्णालय झालं होतं. त्याच सुमाराला ब्रेस्लाउच्या पाळकांनी विचारलेल्या प्रश्नाला त्याने लांबलचक उत्तर लिहिलं: ख्रिस्ती माणसाने साथीतून पळून जावं का? त्याचा सारांश असा. देवाने राखावं म्हणून मी प्रार्थना करीन. मग घराला धुरी देईन, हवा शुद्ध ठेवीन, औषध देईन आणि घेईन. जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे दुसऱ्याला लागण होऊन त्याचा जीव जायचा नाही. पण शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मी मागे हटणार नाही. औषध आणि खबरदारी नाकारणाऱ्यांबद्दल तो फार कडक लिहितो: असे लोक देवावर भरवसा ठेवत नाहीत, देवाची परीक्षा पाहतात. हे उत्तर जंतूंचा शोध लागण्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचं आहे, आणि माझ्या मते आजही त्यातलं एक वाक्य बदलावं लागत नाही.

आता चर्चच्या इमारतीकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त जीव इथे वाचतात.

कोविड, फ्लू, गोवर, क्षय हे आजार मुख्यतः श्वासातून पसरतात. आजारी माणूस बोलतो, खोकतो, गातो तेव्हा अगदी बारीक थेंब हवेत सुटतात. बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. गाताना ते बोलण्यापेक्षा जास्त सुटतात, कारण आपण खोल श्वास घेतो आणि जोरात सोडतो. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम एका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये झाली. ६१ जण होते, त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढे त्यांच्यातले ५३ जण आजारी पडले आणि दोघे दगावले. त्या लोकांनी हस्तांदोलन टाळलं होतं, सॅनिटायझरही वापरला होता. धोका हवेत होता, आणि हवेचा बंदोबस्त कुणी केला नव्हता.

म्हणून मास्कच्याही आधी मी खिडक्यांविषयी बोलतो. मिशनकाळातली जुनी देवळं आठवा: उंच छप्पर, दोन्ही अंगांना दारं, वर झरोके. हवा आपोआप खेळायची. अलीकडे आपण पैसे जमवून पीओपीचं छत घालतो, एसी बसवतो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या पक्क्या बंद करतो. श्वासाच्या साथीत अशी वास्तू धोक्याची. साथ आली की एसी बंद करा आणि समोरासमोरच्या खिडक्या उघडा. खिडकीत बाहेरच्या दिशेने तोंड करून एक साधा पंखा ठेवलात तरी आतली हवा बाहेर जाते. कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र बाजारात मिळतं. मंडळीने एक घेऊन वेदीजवळ न ठेवता मधल्या बाकावर ठेवावं. आकडा ८०० च्या आत असेल तर हवा बरी खेळते आहे असं समजा, तो चढत गेला तर समजा की तुम्ही एकमेकांनी सोडलेलाच श्वास घेत आहात.

पटांगण असेल तर उपासना सरळ बाहेर घ्या. सकाळी सातला कडुनिंबाखाली सतरंज्या टाकून घेतलेली उपासना ही काही कमी दर्जाची उपासना नव्हे. उपासना पाऊण तासात आटपा. गीतं दोनच घ्या, आणि साथ ऐन भरात असेल तर एकानेच गावं, बाकीच्यांनी ओळी मनात म्हणाव्यात. गाणं हा आपल्या उपासनेचा प्राण आहे, टाळ-पेटीवर वाढलेल्या मराठी मंडळीला गप्प बसणं जड जातं, हे मला कळतं. पण बंद हॉलमध्ये सगळ्यांनी गाण्यापेक्षा उघड्यावर सगळ्यांनी गाणं कधीही बरं. निवड करायची वेळ आली तर छप्पर सोडा, गाणं ठेवा. मास्क गर्दीच्या आणि बंद जागेसाठी ठेवा, आणि लावायचाच तर एन-९५ लावा. हनुवटीवर लोंबणाऱ्या कापडी मास्कने कुणाचंही भलं होत नाही. ज्याला ताप-खोकला आहे त्याने घरी राहावं, आणि त्याला घरी राहिल्याबद्दल कुणी टोमणा मारू नये. हे शेवटचं वाक्य पाळकांनी व्यासपीठावरून बोलावं, नाहीतर लोक लाजेखातर खोकत खोकत येतात.

देऊळ बंद ठेवावं लागलं तर? महाराष्ट्रात मार्च २०२० पासून बंद झालेली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. पुष्कळांना तेव्हा वाटलं की असं कधी घडलंच नव्हतं. घडलं होतं. १५७६ मध्ये मिलानमध्ये प्लेग आला तेव्हा तिथले आर्चबिशप कार्लो बोरोमेओ यांनी चौकाचौकांत वेद्या उभारायला लावल्या, म्हणजे घरात कोंडलेल्या लोकांना खिडकीतून मिस्सा, म्हणजे कॅथोलिक प्रभुभोजनाची उपासना, दिसेल. घंटा झाली की लोक दारात, खिडकीत उभे राहून एकमेकांना प्रतिसाद देत प्रार्थना म्हणायचे. ते स्वतः आजाऱ्यांकडे जात राहिले, पण गर्दी होऊ दिली नाही. आपल्याकडे मुंबईत, वांद्रे आणि माझगावच्या गल्ल्यांत १८९६ नंतरच्या प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही आहेत. घरापाशी, वाटेवर प्रार्थना करण्याची रीत आपल्याही मातीत रुजलेली आहे.

तुमच्या आईच्या प्रभुभोजनाबद्दल माझं उत्तर सरळ आहे: तिला ते मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी तिने गर्दीत यायची गरज नाही. पाळकांनी उपासनेनंतर एका वडिलांना घेऊन तुमच्या घरी जावं. ओसरीत किंवा दार-खिडक्या उघडून बसावं, दोघांनी मास्क लावावा, वचन वाचावं, भाकर आणि वेगळ्या छोट्या पेल्यातला द्राक्षारस द्यावा, प्रार्थना करावी. दहा-पंधरा मिनिटांत होतं. साथीत सगळ्यांनी एकाच पेल्याला ओठ लावणं मी थांबवतो. खरं सांगायचं तर श्वासाच्या आजारात पेल्यापेक्षा पेल्यासाठी दाटीने लागलेल्या रांगेचा धोका मोठा असतो, म्हणून रांगही नको, बसल्या जागी द्या. घरी बसून मोबाइलसमोर आपली आपण भाकर मोडावी का, यावर पंथापंथांत मतं वेगळी आहेत आणि तो निर्णय तुमच्या मंडळीच्या शिस्तीप्रमाणे पाळकांनी घ्यावा. कॅथोलिक शेजाऱ्यांकडे अशा वेळेसाठी आध्यात्मिक कम्युनियनची, म्हणजे भाकर न घेता प्रार्थनेतून मनानेच ख्रिस्ताला स्वीकारण्याची, जुनी प्रथा आहे. मला स्वतःला पडद्यापेक्षा ओसरी जास्त पटते, कारण ओसरीत माणूस येतो.

आता आईची तब्येत. मधुमेह असलेल्यांना साथीच्या आजारात धोका जास्त, आणि तो साखर जितकी बेताल तितका वाढतो. म्हणून साथ येण्याच्या आधीचं काम हेच मुख्य काम: साखर आणि रक्तदाब आटोक्यात, रोज चालणं, झोप, आणि गोळ्यांचा महिनाभराचा साठा घरात. लॉकडाऊनमध्ये औषध संपलं म्हणून बिघडलेले पेशंट मी पुष्कळ पाहिले. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची लस तुमच्या डॉक्टरांना विचारून. घरात ग्लुकोमीटर आणि ऑक्सिमीटर ठेवा. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा घरातल्या घरात सहा मिनिटं चालल्यावर तो तीन-चार अंकांनी घसरला, तर प्रार्थना हॉस्पिटलच्या वाटेवर रिक्षात करा. आजार अंगावर काढल्याने जितकी माणसं गेली तितकी दुसऱ्या कुठल्या एका चुकीने गेली असतील असं मला वाटत नाही.

स्टेरॉइडबद्दल एक इशारा, कारण दुसऱ्या लाटेत व्हॉट्सअ‍ॅपवरून चिठ्ठ्या फिरत होत्या आणि लोक पहिल्या दिवसापासून ते घेत होते. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. त्याच चाचणीत हेही दिसलं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही. मधुमेह्यांमध्ये ते साखर भडकवतं. २०२१ मध्ये काळ्या बुरशीने ज्यांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांत बेताल साखर आणि नको तितकं स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसली. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय ते आईला देऊ नका.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या, चाळीस दिवसांत आई उपास करते असं तुम्ही लिहिलं आहे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन रिकाम्या पोटी राहिलं तर साखर एकदम खाली जाते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध होतो. तिने जेवण सोडण्याऐवजी दुसरं काही सोडावं: मटण, गोड, टीव्हीवरच्या मालिका. वाचलेले पैसे दानपेटीत टाकावेत. ताप असेल त्या दिवशी तर उपास अजिबात नाही. पाणी, पेज, वरण घ्यावं.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला जाणं याकोबाच्या पत्रात स्पष्ट सांगितलं आहे: मंडळीच्या वडिलांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. ती आज्ञा साथीत रद्द होत नाही. वीस जणांनी खाटेभोवती गोळा होण्याऐवजी दोघांनी जावं, मास्क लावून, खिडकी उघडून, थोडक्या वेळासाठी. आजारी माणूस हॉस्पिटलात असेल तर नर्सच्या हाती फोन द्या आणि फोनवर स्तोत्र वाचा. आमच्या वॉर्डात अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या कानाशी फोन धरून नर्सेस उभ्या राहिलेल्या आहेत. पण कुणी ‘प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद कर’ असं सांगू लागला, तर तिथे पाळकांनी खडसावून थांबवावं. इन्सुलिन, फिटीची गोळी, टीबीची औषधं, मानसिक आजाराची औषधं विश्वासाच्या नावाने बंद करणं हा त्या माणसावर केलेला अन्याय आहे. चाळीस वर्षं एकच ‘रोग बरा करणारा’ देव मानून मी औषधं लिहून दिली, आणि मला त्यात कधी दोन देव दिसले नाहीत.

साथीत एका आजाराच्या भीतीने बाकीचे आजार विसरले जातात. २०१९ मध्ये देशात क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांवर आली. क्षय कमी झाला म्हणून नव्हे. लोक तपासणीलाच आले नाहीत. ते खोकत घरी बसले आणि घरच्यांना देत राहिले. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेला मंडळीतला प्रत्येक माणूस थुंकी तपासायला गेला की नाही हे पाहणं, हे तुमच्या महिला मंडळाचं काम होऊ शकतं. ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

मंडळीची सेवा म्हणजे नेमकं काय, याचं आपल्याच मराठी मुलखातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तिथून त्यांनी शेकडो मुली आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता आणि प्रशासनाने मुलींची संख्या वाढवायला मनाई केली. रमाबाईंनी हुज्जत घालत त्या मुलींना शहराच्या दाटीत ठेवलं नाही. केडगावच्या शेतावर झोपड्या उभारून त्यांना मोकळ्या हवेत हलवलं. पुढे त्याच जागी मुक्ती मिशन उभं राहिलं. पण नियम पाळणाऱ्या याच बाईंनी पुण्याच्या सरकारी प्लेग हॉस्पिटलात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या वृत्तपत्राला पत्र लिहून जाहीर तक्रार केली, आणि ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. खबरदारी घ्यायची म्हणून अन्याय मुकाट्याने सोसायचा नाही, आणि अन्यायाविरुद्ध बोलायचं म्हणून खबरदारी झुगारायची नाही. कोविडमध्ये अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेच्या बूथ हॉस्पिटलाने कोविड रुग्णांसाठी आपली दारं उघडली, तेही याच वाटेवरचं पाऊल होतं. बाकी हॉस्पिटलं दारं लावत असताना ते किती कठीण होतं हे आम्हा लोकांना माहीत आहे.

लशीवरून तुमच्या तरुण संघात जे व्हिडिओ फिरले, त्यात लस म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या, श्वापदाची खूण असं म्हटलं होतं. तेरावा अध्याय नीट वाचायला लावा. तिथली खूण श्वापदाची पूजा करणाऱ्यांवर आहे. कुणाची भक्ती करायची हा तिथला प्रश्न आहे. दंडात इंजेक्शन घेतल्याने ख्रिस्ताला नाकारल्यासारखं होत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत भायखळ्याच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तेव्हाही लशीबद्दल अफवा होत्याच. काही लशींच्या निर्मितीत वापरलेल्या पेशींवरून ज्यांच्या मनाला खरंच बोच होती, त्यांच्यासाठी व्हॅटिकनने २१ डिसेंबर २०२० रोजी टिपण काढून कोविड लस घेणं नैतिकदृष्ट्या स्वीकारार्ह असल्याचं सांगितलं. अशी बोच असलेल्या माणसाशी सबुरीने बोला. अफवा पसरवणाऱ्याला मात्र ग्रुपवर मोकळं रान देऊ नका.

विश्वास टिकवण्याचा भाग मी थोडक्यात सांगतो, कारण तो पाळकांचा प्रांत आहे. एवढंच म्हणेन की कौटुंबिक उपासना साथ येण्याच्या आधी सुरू असेल तरच साथीत चालते. रात्री जेवणाआधी एक स्तोत्र, एक गीत, लहानग्याने केलेली एक प्रार्थना पुरते. आणि फक्त विजयाची स्तोत्रं वाचू नका. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ म्हणणारं १३ वं स्तोत्र आहे, अंधारातच संपणारं ८८ वं आहे. माणूस गेल्यावर चौथ्याच दिवशी कुटुंबाला ‘देवाची स्तुती असो’ म्हणायला लावणारी मंडळी त्यांना आतल्या आत कोंडते. सेवा करणाऱ्यांना झोपू द्या. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला तेव्हा देवाने त्याला आधी उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा जेवू घातलं. ज्या घरात रुग्ण आहे तिथे डबा पोचवणं, रात्रीची एक पाळी घेणं, पोरांना आपल्याकडे आणून ठेवणं, हे तुमच्या डिकनांनी, म्हणजे मंडळीतल्या सेवेचं काम पाहणाऱ्यांनी, आधीच वाटून घ्यावं. सावध राहणाऱ्यालाही आजार गाठतो. शिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले ते इतरांपेक्षा अपराधी नव्हते, असं येशूने सांगितलं आहे. ‘त्यांनी काहीतरी केलं असेल’ ही कुजबुज थांबवायला ते पुरेसं आहे.

शेवटी त्या कुटुंबाबद्दल. मृतदेह श्वास घेत नाही, खोकत नाही. पिशवीत नीट बंद केलेला देह पुरल्याने आजार पसरल्याचा पुरावा नाही. मे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या कब्रस्तानातली कोविडची दफनं थांबवायची मागणी याच कारणाने फेटाळली. चेन्नईत तर कोविडने गेलेल्या डॉ. सायमन हर्क्युलिस यांच्या दफनाला जमावाने हल्ला करून विरोध केला, आणि मित्र डॉक्टरने रात्री स्वतः फावडं हाती घेऊन त्यांना पुरलं. पुढे न्यायालयाच्या आदेशाने त्यांना कीलपॉकच्या दफनभूमीत नेता आलं. पुढची साथ येण्याआधी मंडळीने दफनभूमीच्या कमिटीशी आणि नगरपालिकेशी बोलून लेखी ठरवून ठेवावं: खड्डा कोण खणणार, किती माणसं उभी राहणार, विधी कोण करणार. दहनाची वेळ आलीच तर ते पाप नाही. कॅथोलिक चर्चनेही १९६३ पासून त्याला मुभा दिली आहे, फक्त रक्षा इकडेतिकडे न टाकता पवित्र जागी ठेवावी असं सांगितलं आहे. आणि त्या घरासाठी आत्ताही उशीर झालेला नाही. पाळकांनी त्यांना विचारावं. हवी असेल तर कबरेपाशी पूर्ण दफनविधीची प्रार्थना म्हणावी, मंडळीने यावं, ज्यांना तेव्हा माती देता आली नाही त्यांनी आता द्यावी, आणि ज्याला साक्ष सांगायची आहे त्याला बोलू द्यावं. त्यांना नको असेल तर आग्रह करू नका.

पंचकमिटीच्या येत्या बैठकीत एकच काम हाती घ्यायचं असेल तर मंडळीतल्या एकट्या राहणाऱ्या आणि जुनाट आजार असलेल्या माणसांची यादी करा, आणि प्रत्येकापुढे आठवड्याला फोन करणाऱ्या एका माणसाचं नाव लिहा. आईच्या गोळ्यांची नावं आणि तिचा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा शेवटचा रिपोर्ट मला कळवा, उपासाबद्दल आणि लशींबद्दल त्यावरून नेमकं सांगता येईल.